अटी उचलून आणू नकोस

बाळा, लातूरच्या क्लासवाल्यांसाठी फी-हजेरीचं सॉफ्टवेअर काढतोयस, चांगलंय. पण अटींचं पान कुठल्या तरी अमेरिकन साइटवरून उचलू नको. मी उचललं होतं. उदगीरच्या एका गिऱ्हाइकानं ते खरंच वाचलं (वाचणारा एखादाच निघतो, पण निघतो!) आणि फोन केला, "सर, भांडण झालं तर मी कॅलिफोर्नियाला येऊ का?"

तुझ्याकडं सगळी लेकरांची माहिती येणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच. पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ती क्लासनं घ्यायची की तू, हे करारात आधीच लिही. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आपलं तर दुकानही तेवढ्याचं नाही. म्हणून जे लागत नाही ते मागूच नको. फीच्या पावतीला आधार नंबर कशाला?

आणि गिऱ्हाईक सोडून गेला की त्याचा डेटा किती दिवसांनी पुसणार, हे मराठीत लिही. बॅकअपमधून पुसायलाही विसरू नको. मी तिथंच फसलो होतो.