वाचकांचे प्रश्न : बॅटमनचं खरेदीखत

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलीला शाळेत शहराच्या संस्थापकावर प्रकल्प करायचा आहे. जॉन बॅटमनने मूळनिवासींकडून जमीन रीतसर विकत घेतली, असं एका पुस्तकात आहे. दुसऱ्यात ती शुद्ध फसवणूक ठरवली आहे. काय खरं मानावं?

उत्तर : दस्तऐवजच वाचायला घ्या. त्याची एक प्रत तुमच्याच शहरातल्या स्टेट लायब्ररी व्हिक्टोरियाकडे आहे. तारीख ६ जून १८३५. मसुदा टास्मानियाचे माजी अ‍ॅटर्नी जनरल गेलिब्रँड यांनी आधीच करून दिला होता.

मोबदला पाहा : ब्लँकेटच्या २० जोड्या, ३० कुऱ्हाडी, १०० सुऱ्या, ५० कात्र्या, ३० आरसे, २०० हातरुमाल, ६ सदरे आणि १०० पौंड, म्हणजे जेमतेम ४५ किलो पीठ. शिवाय दरवर्षी ब्लँकेटच्या १०० जोड्या, १०० सुऱ्या, १०० कुऱ्हाडी, कपड्यांचे ५० जोड, ५० आरसे, ५० कात्र्या आणि ५ टन पीठ. बदल्यात सुमारे ५ लाख एकर. जिलाँगकडच्या १ लाख एकरांचा दस्त वेगळा.

आता चतुःसीमा. पोर्ट फिलिप बंदराच्या (मेलबर्नच्या उपसागराच्या) टोकाकडून ४० मैल ईशान्येला, तिथून ४० मैल पश्चिमेला, मग नैर्ऋत्येकडे जिलाँगच्या खाडीपर्यंत. मुलीला नकाशावर या रेषा ओढायला सांगा. पहिल्या दोन बाजू प्रत्येकी ६४ किलोमीटरच्या निघतील. बॅटमन टास्मानियाहून येऊन किनाऱ्याला लागला मेअखेर आणि सह्या झाल्या ६ जूनला. एवढ्या दिवसांत ही हद्द पायी फिरून दाखवणं कोणालाच शक्य नव्हतं. सोबत न्यू साउथ वेल्सकडचे मूळनिवासी होते, पण त्यांची भाषा इथली नव्हती. कागदावर आठ वडीलधाऱ्यांच्या खुणा आहेत. तशाच खुणा बॅटमनच्या रोजनिशीतही सापडतात, म्हणून त्या त्यानेच काढल्या असाव्यात असा अभ्यासकांचा संशय आहे.

तरी मूळनिवासींना काहीच कळलं नाही, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. वुरुंडजेरी आणि शेजारच्या कुलिन समाजांत पाहुण्याला आपल्या भूमीत ये-जा करू देण्याचा, तिथलं अन्नपाणी घेऊ देण्याचा विधी होता : टँडेरम. त्यांनी तसंच काही केलं, असं अनेक इतिहासकार मानतात. राहू देणं वेगळं, कायमची मालकी देणं वेगळं. पुढे वुरुंडजेरींचे पुढारी झालेले विल्यम बराक लहानपणी या प्रसंगी हजर होते, असं ते सांगत.

करार टिकला नाही. २६ ऑगस्ट १८३५ च्या जाहीरनाम्याने न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर बर्क यांनी असे सगळे व्यवहार रद्द ठरवले. कारण मात्र नीट लिहा : मूळनिवासींची फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर जमीन ब्रिटिश राजसत्तेचीच, ती विकण्याचा त्यांना हक्कच नाही म्हणून! आमच्या मते बॅटमनच्या खरेदीखतापेक्षा हा जाहीरनामा जास्त घातक ठरला. खोट्या करारातही समोरच्याला जमीनमालक मानलं होतं. जाहीरनाम्याने तेही काढून घेतलं. हा सिद्धांत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने थेट १९९२ मध्ये, मूळनिवासींच्या जमीनहक्काबद्दलच्या माबो खटल्यात फेटाळला.

प्रश्न : बॅटमनचं नाव मतदारसंघावरून काढलं. हे इतिहास पुसणंच नाही का?

उत्तर : नाही. दस्त, रोजनिशी, पत्रं सगळं अभिलेखागारांत शाबूत आहे. काढला गेला तो मान. आणि तो का काढावा लागला याचा पुरावा बॅटमनच्याच अक्षरात आहे. सप्टेंबर १८२९ मध्ये टास्मानियात बेन लोमंडजवळ त्याच्या टोळीने मूळनिवासींच्या तळावर गोळीबार केला. पकडलेले दोन जखमी पुरुष चालू शकत नव्हते, म्हणून त्यांना गोळ्या घातल्याचं त्याने स्वतः अधिकाऱ्याला कळवलं. एका बाईला तिच्या दोन वर्षांच्या मुलासह कैद केलं. मेलबर्नमध्ये त्याच्या स्मारकावर ती जागा तेव्हा ‘निर्जन’ असल्याचं कोरलं होतं. नंतर चूक मान्य करणारी पाटी जोडावी लागली. २०१९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघाला योर्टा योर्टा समाजाचे नेते विल्यम कूपर यांचं नाव आहे. मूळनिवासींना संसदेत प्रतिनिधी मिळावा म्हणून त्यांनी ब्रिटिश राजासाठी अर्जावर सह्या गोळा केल्या होत्या. आम्हाला हा बदल योग्य वाटतो.

प्रश्न : मग संस्थापक कोण, बॅटमन की फॉकनर?

उत्तर : दोघांपैकी एकालाच निवडू नका. वस्ती करायला आलेलं पहिलं जहाज टास्मानियातल्या व्यावसायिक जॉन फॉकनरचं ‘एंटरप्राइझ’. ३० ऑगस्ट १८३५ ला माणसं यारा नदीकाठी उतरली, पण तेव्हा फॉकनर जहाजावर नव्हता. तो ऑक्टोबरमध्ये आला. बॅटमन १८३९ मध्येच वारला. आजच्या मध्यवर्ती भागातले काटकोनी रस्ते १८३७ मध्ये सर्वेक्षक हॉडल यांनी आखले आणि त्याच वर्षी १ जूनला भूखंडांचा पहिला लिलाव झाला. विकणारी होती राजसत्ता.