भाच्याला न्यूयॉर्कला डिलिव्हरी करायचीय

प्रश्न: आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, चोविसावा मजला. माझा भाचा कोपरखैरण्याला असतो, दोन वर्षं बाइकवर फूड डिलिव्हरी करतोय, परवा आमच्याच टॉवरमध्ये ऑर्डर घेऊन आला तर वॉचमनने त्याला सर्व्हिस लिफ्टने पाठवलं, रेनकोटमधून पाणी गळत दारात उभा, बघवेना मला. आता त्याच्या डोक्यात भरलंय की टुरिस्ट व्हिसावर न्यूयॉर्कला जायचं आणि तिकडेच डिलिव्हरी करत राहायचं. म्हणतो, मावशी, चिनी लोक विनाकागदाचे वर्षानुवर्षं हेच करतात, तासाला वीस डॉलर सुटतात. खरंय का? आणि चीन एवढा श्रीमंत, मग ते कशाला जातात?
– एक मावशी, घोडबंदर

उत्तर: मावशी, वीस डॉलर अर्धं खरं. न्यूयॉर्क शहरात ॲप कंपन्यांना डिसेंबर 2023 पासून किमान दर द्यावा लागतो, तेव्हा तासाला 17.96 डॉलर होता, एप्रिल 2025 ला 21.44 झाला. पण अकाउंट उघडायचं तर कामाचे कागद लागतात, ते नसले की दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घ्यायचं, आठवड्याला त्याला पैसे मोजायचे, ॲपने ओळख पटवायला सेल्फी मागितला की त्या अकाउंटवाल्याला शोधत पळायचं. अकाउंट बंद पडलं तर तक्रार कोणाच्या नावाने करणार?

चिन्यांचं म्हणाल तर जुने बरेचसे फूच्यान प्रांतातले, समुद्रकाठची गावं, कोकणातला एक जण मुंबईला आला की मागोमाग अख्खी वाडी यायची ना, तसंच. फक्त मधे दलाल, त्याला ते ‘शेतौ’ म्हणतात, म्हणजे सापाचं डोकं (नाव बरोबर ठेवलंय). 2000 नंतरच्या काळात पोचवायचे साठेक हजार डॉलर घ्यायचा, ते पाहुण्यारावळ्यांकडून नाहीतर व्याजाने उचललेले. म्हणजे माणूस विमानातून उतरतो तोच कर्जात, आणि मग मालक देईल त्या पगाराला मान हलवतो. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या एका रेस्टॉरंटमध्ये अशा डिलिव्हरीवाल्यांना तासाला दोन डॉलरसुद्धा मिळत नव्हते. 36 जण कोर्टात गेले, 2008 ला कोर्टाने 46 लाख डॉलर द्यायला लावले. कागद नसले तरी किमान वेतनाचा कायदा तिथे लागू होतो, पण कोर्टाची पायरी चढायला छाती लागते. त्यात ई-बाइक. पाय दुखतात, मजल लांब, म्हणून या लोकांनी घेतल्या, तर थ्रॉटलवाली, म्हणजे पॅडल न मारता पळणारी बाइक 2020 पर्यंत बेकायदा, पोलिसाने पकडली की 500 डॉलर दंड, म्हणजे चार-पाच दिवसांची कमाई गेली.

एक गोष्ट मला विसरता येत नाही. एप्रिल 2005, न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समधला 38 मजली टॉवर, असाच एक चिनी डिलिव्हरीवाला शुक्रवारी रात्री ऑर्डर देऊन निघाला तो लिफ्टमध्ये अडकला. इंग्रजी जेमतेम. त्याची सायकल खाली उभी, माणूस गायब, पोलिसांना वाटलं लुटून मारला, दारोदार शोधलं. मंगळवारी सकाळी सापडला, 81 तासांनी, त्याच बिल्डिंगमध्ये! आणि जिवंत सुटला तर लगेच पेपरात छापून आलं की याच्याकडे कागद नाहीत.

आता चीन श्रीमंत असून का जातात? देश श्रीमंत झाला म्हणून प्रत्येक घर होत नाही हो. कोविडच्या लॉकडाउनमध्ये छोटे धंदे बुडाले, नोकऱ्या गेल्या, काहींना सरकारचा जाच नको होता, आणि मग इक्वेडोरला व्हिसा लागत नव्हता म्हणून तिथे उतरून कोलंबिया-पनामामधलं दारिएनचं जंगल पायी तुडवत अमेरिकेकडे निघाले. त्या चालण्याला त्यांच्यात शब्दच आहे, ‘झोउश्येन’. 2023 मध्ये अमेरिका-मेक्सिकोच्या बॉर्डरवर असे 37 हजारांवर लोक पकडले गेले. आश्रयाचा अर्ज केला तरी वर्क परमिटला 180 दिवस थांबावं लागतं, तोवर पोट भरायचं तर डिलिव्हरी नाहीतर किचन.

भाच्याला एवढंच सांगा की तिथे उतरताना राहायला दिलेली मुदत संपल्यावर 180 दिवसांहून जास्त राहून मग निघाला तर तीन वर्षं परत जाता येत नाही, वर्ष उलटलं तर दहा. म्हणजे आई आजारी पडली तरी इकडे यायचं की नाही याचा हिशोब करत बसायचं. त्यापेक्षा इथेच ड्रायव्हिंगचं किंवा एखादं पक्कं काम धरायला लावा, दोन वर्षं रस्त्यावर काढलीत म्हणजे पोरगा कामाचा आहे.

आणि हो, तुमच्या त्या सर्व्हिस लिफ्टचा अलार्म वाजतो का, ते वॉचमनला एकदा दाबून बघायला सांगा.