कोणाची पड, ते आधी विचार

पोरी,

तुझा मेल रात्री दोनदा वाचला. उपग्रहाच्या फोटोंवरून केलेला मेळघाटचा 1991 चा नकाशा आणि 2021 चा नकाशा बाजूबाजूला ठेवून तू विचारते, काका, नकाशात जंगल वाढलं आणि गावातले म्हातारे म्हणतात जंगल गेलं, मग खोटं कोण बोलतंय? अगं कोणीच नाही. पण फोटो कोणत्या महिन्यातले ते पाह्यलं का तू? पहिला एप्रिलचा, दुसरा नोव्हेंबरचा. मेळघाटात साग किती, आणि साग एप्रिलमध्ये उघडा पडतो, मग तुझं सॉफ्टवेअर त्याला बरड म्हणणार नाहीतर काय. नोव्हेंबरात तोच साग पानानं भरलेला. म्हणजे बरंचसं जंगल तर इथंच वाढलं बाप्पा.

आता तो पिवळा रंग. खाली लिहिलंय 'पडीक'. ह्या शब्दावर माझं डोकं फिरतं, कारण हा शब्द मी स्वतः आयुष्यभर लिहिला.

तलाठी होतो, सहा गावं, एक सायकल, अर्ध्या गावांना पावसाळ्यात रस्ता नाही. पीक पाहणीला गेलो की डोंगराच्या पायथ्याशी एक मोहाचं झाड होतं, तिथं बसायचं, कोतवाल म्हणायचा वर काही नाही साहेब, दगडच आहेत, आणि मी सातबाऱ्याच्या बारा नंबरात, म्हणजे पिकाच्या नोंदीत, लिहायचो, पड. एका कोरकू आदिवासी म्हाताऱ्याची तिथं वर कुटकी होती, बारीक दाण्याचं भरडधान्य. गुडघ्याएवढी, पातळ, खालून दिसायचीच नाही. पुढं अतिवृष्टीची मदत आली तेव्हा यादीत त्याचं नाव नाही, कारण माझ्या हातची नोंद पड. तो भांडलाही नाही. नुसता येऊन बसला आणि बिडी ओढून निघून गेला. आता तू म्हणशील चढले का नाही काका, तर सहा गावं होती, सांगितलं ना, आणि वरून तारखेचा तगादा. कोणीही तेच केलं असतं. तरी चढायला पाहिजे होतं.

तुझा उपग्रहही मोहाखालीच बसून लिहितो बरं. जुलै ते सप्टेंबर ढग, त्यामुळं कोदो-कुटकी उभी असते तेव्हा त्याला धड दिसत नाही, आभाळ मोकळं होऊन तुझा नोव्हेंबरचा फोटो येईस्तोवर कापणी झालेली, नुसती धसकटं. मग काय लिहितो? पड. त्यात लँडसॅट उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका 30 मीटर बाय 30, म्हणजे जवळपास 9 गुंठे, आणि उतारावरचे तुकडे कधी कधी त्याहून लहान. हिवाळ्यात ऊन तिरपं, उत्तरेकडचे उतार सावलीत काळे, त्याला ते दाट जंगल वाटतं. तुझ्या गाईडला हे सगळं माहीत असेल, पण माहीत असणं आणि नकाशा परत करणं यात फरक आहे.

म्हणून आधी विचार, कोणाची पड? विसाव्याला ठेवलेली का सोडलेली? पूर्वी हलक्या उतारावर दोन-तीन वर्षं पेरायचे आणि मग रान मोकळं ठेवायचे, ती पड म्हणजे शेतीच होती. मग सोयाबीन आलं, त्याला ट्रॅक्टर लागतो, सपाट रान लागतं, व्यापारी खालीच येतो, म्हणून माणसं खोऱ्यात उतरली आणि वरची पड खरंच पड झाली. तिथं रायमुनिया, म्हणजे घाणेरीचं झुडूप, माजला. तुझ्या नकाशात तो हिरवा, म्हाताऱ्याच्या लेखी तिथं ना गवत ना मोह, मग जंगल गेलंच की. नेपाळच्या डोंगरातही पोरं परदेशी कामाला गेली आणि पायऱ्यांची शेतं झुडपाखाली गेली, आल्प्समध्ये गुरं चढायची थांबली तसं कुरणात झाडं शिरली, म्हणजे हे काही आपलंच नाही. पण तिथलं कारण उचलून इथं चिकटवू नको. इथं बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पातून हलवली, आणि त्यांच्या शेतांवर आज गवत आहे. ती कोणाची पड? आणि उलटंही बघ, अचलपूर तालुक्यातलं पायविहीर, 2012 ला सामूहिक वनहक्क मिळाला आणि उघड्या रानावर लोकांनी झाडं उभी केली, सीताफळं विकली. फोटोत झाड दिसतं. हक्काचा कागद दिसत नाही.

तू म्हणते सबमिशन जवळ आलंय. येऊ दे. एका महिन्याचे फोटो घे, आणि निदान पंधरा पिवळ्या ठिपक्यांवर पायी जा. पंधराच, जास्त नाही सांगत. प्रत्येक ठिकाणी कोणालातरी विचार ही कोणाची, शेवटचं काय पेरलं, का सोडलं. कंटाळा येईल, माणसं उत्तर देणार नाहीत, दुसऱ्यांदा जावं लागेल. ते जमत नसेल तर 'पडीक' हा शब्द खोड आणि 'माहीत नाही' लिही, त्यात लाज नाही, मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आसपास ये, कुटकी कापणीला आलेली असते. परतवाड्याहून सकाळची एसटी पकड, बूट चांगले घाल, ते पांढरे नको. मोह अजून आहे. मी तिथंच थांबतो, मग दोघं वर चढू, माझा गुडघा जाईल तिथपर्यंत.