वाचकांचे प्रश्न : रेडिओ बटणांची निवड

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी मी सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म तयार करत आहे. त्यात वर्गणीसाठी ‘वार्षिक’, ‘आजीव’ आणि ‘विद्यार्थी’ अशी तीन रेडिओ बटणे (अनेकांपैकी एकच पर्याय निवडू देणारी गोल बटणे) आहेत. ‘विद्यार्थी’ निवडल्यावर महाविद्यालयाच्या नावाचा रकाना दिसू लागतो. परंतु नंतर ‘वार्षिक’ निवडले, तरी तो जात नाही. शिवाय कोणतेही बटण निवडले, तरी जावास्क्रिप्टमध्ये ‘वार्षिक’ हेच मूल्य हाती येते. चूक कोठे होत असावी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आपण तीन बटणांना तीन स्वतंत्र घटक मानले आहे. प्रत्यक्षात एका फॉर्ममधली, एकच ‘नेम’ (कोडमध्ये दिलेले नाव) असलेली बटणे मिळून एक गट, म्हणजेच एक प्रश्न होतो, आणि कोडही त्या प्रश्नाला धरूनच लिहावा लागतो.

आधी रकान्याचे पाहू. आपण ‘चेंज’ इव्हेंटचा (निवड बदलल्याच्या सूचनेचा) लिसनर, म्हणजे ती सूचना ऐकणारा कोड, बहुधा फक्त ‘विद्यार्थी’ या बटणावर लावून, बटण ‘चेक्ड’ (निवडलेले) असेल तर रकाना दाखवावा, नसेल तर लपवावा, अशी अट घातली असावी. चेकबॉक्सला ही अट बरोबर लागू पडते, कारण खूण केली काय किंवा काढली काय, दोन्ही वेळा ‘चेंज’ घडतो. रेडिओ बटणात मात्र तो फक्त नव्याने निवडलेल्या बटणावर घडतो. ज्याची निवड गेली, त्या बटणाला काहीच कळवले जात नाही. त्यामुळे आपल्या अटीतला ‘नसेल तर’ हा भाग कधीच चालत नाही. हा इव्हेंट बटणाला सामावणाऱ्या वरच्या घटकांपर्यंत पोहोचत असल्याने तिन्ही बटणे एका ‘फील्डसेट’मध्ये, म्हणजे संबंधित घटक एकत्र धरणाऱ्या चौकटीत, ठेवून लिसनर त्या फील्डसेटवरच लावावा आणि निवडलेले मूल्य पाहून रकाना दाखवावा किंवा लपवावा. हेच फंक्शन पान उघडतानाही एकदा चालवावे, कारण पान पुन्हा लोड केल्यावर काही ब्राउझर आधीची निवड परत आणतात आणि तेव्हा ‘चेंज’ घडेलच असे नाही.

येथे आणखी एक अडचण दबा धरून असते. महाविद्यालयाचा रकाना ‘रिक्वायर्ड’ (भरणे सक्तीचे) असेल आणि तो नुसता दिसेनासा केला, तर तो रिकामा असल्यामुळे फॉर्म पुढे जात नाही आणि वार्षिक सभासदाला त्याचे कारणही कळत नाही. म्हणून रकाना लपवताना तो ‘डिसेबल्ड’ही (निष्क्रिय) करावा, मग त्याची तपासणी होत नाही आणि त्यातला मजकूर सर्व्हरकडेही जात नाही.

आता मूल्याविषयी. ‘क्वेरीसिलेक्टर’ला, म्हणजे पानावरचा घटक शोधणाऱ्या फंक्शनला, फक्त ‘नेम’ सांगितले, तर पानावरचे त्या नावाचे पहिले बटण मिळते, मग निवड कोणतीही असो. त्याला ‘:चेक्ड’ (‘निवडलेले’ ही अट) ही जोड द्यावी, आणि काहीच निवडलेले नसेल तर ‘नल’ (काहीच नाही) मिळते, हे धरून चालावे. फॉर्मच्या ‘एलिमेंट्स’मधून (घटकांच्या यादीतून) गटाचे नाव देऊन ‘व्हॅल्यू’ वाचणे मला अधिक पसंत आहे, कारण तेथे निवड नसल्यास रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) मिळते. मात्र वर्गणीचे प्रकार डेटाबेसमधून येत असतील आणि एखाद्या वर्षी एकच प्रकार उरला, तर गटाऐवजी ते एकटे बटणच हाती येते आणि न निवडताही आपले मूल्य सांगते. अशी शक्यता असेल, तर ‘:चेक्ड’चाच मार्ग धरावा.

प्रत्येक बटणाला ‘लेबल’ जोडण्यास विसरू नये. वाचनालयाच्या वयस्कर सभासदांना मोबाइलवर तो चिमुकला गोल नेमका दाबता येत नाही. लेबल असले, की शब्दांवर बोट टेकले तरी पुरते.

प्रश्न : एकदा निवडलेले रेडिओ बटण पुन्हा दाबून निवड रद्द का करता येत नाही? सुरुवातीलाच एखादा पर्याय निवडून ठेवावा का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : गटात एक निवड नेहमी असणारच, असे गृहीत धरून हे बटण घडले आहे. 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये (वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या आवृत्तीत) तर कोणतेही बटण आधी निवडलेले नसेल, तर ब्राउझरने पहिले निवडावे, असा नियमच होता. आजचे ब्राउझर गट रिकामा ठेवू देतात. पण एकदा केलेली निवड वापरणाऱ्याला त्याच बटणाने काढता येत नाही. उत्तर ऐच्छिक असेल, तर ‘सांगायचे नाही’ असा वेगळा पर्याय द्यावा. पैशांचा किंवा संमतीचा प्रश्न असेल, तेथे आधीच काही निवडून ठेवणे मला अयोग्य वाटते. तेथे गट रिकामा ठेवून ‘रिक्वायर्ड’ लावावे. ते एका बटणावर लावले, तरी संपूर्ण गटाला लागू होते.