ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा काऊन उडते?

प्रश्न: नमस्कार भाऊ, घरच्या टाकीले मोटर आपोआप बंद करणारं सर्किट लावलं आहे, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर अन् १२ व्होल्टची रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच). टाकी भरली तरी मोटर बंदच होत नाही. ट्रान्झिस्टर बदलला की आठ-पंधरा दिवस चालते, मंग तेच. आत्ता रिले ओढूनच आहे, बेसवर शून्य अन् कलेक्टरवर ०.१ व्होल्ट दिसते. दुकानवाला म्हणते मोठा ट्रान्झिस्टर टाका. टाकू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, रीडिंग लिहून पाठवलं हे लय बरं केलं. ट्रान्झिस्टरचे पाय तीन: बेस त्याले चालू-बंद करतो, अन् चालू असला की करंट कलेक्टरकडून एमिटरकडे जातो. बेसवर काहीच नाही म्हणजे ट्रान्झिस्टर बंद पाहिजे, अन् बंद असला तर रिलेच्या कॉइलमधून आलेले पूर्ण १२ व्होल्ट कलेक्टरवर दिसायला पाहिजेत, तुमच्याकडे ०.१ आहे म्हणजे कलेक्टर-एमिटर आतून शॉर्ट. १२ दिसून मोटर चालूच राहिली असती तर रिलेचे पॉइंट चिकटले असं समजलो असतो.

मोठा टाकू नका. अशा रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर, अन् ५४७ तर १०० पर्यंत झेलतो. तो करंटनं नाही, व्होल्टेजनं मरतो. रिले सुटते त्या क्षणी कॉइल उलटा झटका मारते, शंभराच्या वर व्होल्ट जाऊ शकतात अन् याची सहनशक्ती ४५ ची. तो झटका जिरवायला कॉइलला समांतर १एन४००७ डायोड (करंट एकाच बाजूनं जाऊ देणारा भाग) असतो, माझा पक्का संशय त्याच्यावर आहे.

पहिले मेन लाइन काढा, २३० व्होल्ट त्याच बोर्डावर आहेत! मग बोर्ड उलटा करून डायोडच्या पायाभोवतीचं सोल्डर उजेडात पहा, केसाएवढी गोल चीर दिसली की ड्राय सोल्डर, म्हणजे सांधा सुटलेला, पुन्हा गरम करून नवीन सोल्डर द्या. तिथं ठीक असेल तर एक पाय उचलूनच डायोड मोजा, जागेवर मोजला तर मीटर समांतर असलेली कॉइलच दाखवतो अन् माणूस उगाच फसतो. नवीन बसवला तर चांदीचा पट्टा प्लसकडे.

टेस्टिंगला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी चालते, मोटर जोडूच नका. रिले ओढली की बेस ०.७ च्या आसपास अन् कलेक्टर ०.२ च्या आत पाहिजे. बेसवर दोन-तीन व्होल्ट दिसले तर बेस-एमिटर ओपन, म्हणजे आतून तुटलेलं आहे.

अन् दुकानात ५४७ ऐवजी सी१८१५ हातात दिला तर पाय बघून लावा. चपटी बाजू आपल्याकडे धरली की ५४७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, सी१८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस.