दोनदा हरूनही विजेते कसे? ओहायो स्टेटच्या हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकते. २०२४च्या हंगामात त्यांचा फुटबॉल संघ दोनदा हरला, त्यात एकदा मिशिगनकडून, तरी राष्ट्रीय विजेता ठरला. हे कसं काय? (पुणे)

उत्तर : आधी एक सांगायला हवं, हा अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत (त्यांना ‘डाऊन’ म्हणतात) चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला की पुन्हा चार डाऊन. नियमित हंगाम १२ सामन्यांचा असतो आणि ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. २०२३पर्यंत बाद फेरीत फक्त चार संघ जायचे, आणि त्या दहा वर्षांत दोन सामने हरलेल्या एकाही संघाला तिथे जागा मिळाली नाही. २०२४पासून १२ संघ झाले. ओहायो स्टेटचे १० विजय, २ पराभव होते. त्यांना आठवं मानांकन मिळालं.

या पद्धतीत एक गंमतही झाली. पहिल्या चार मानांकित संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल होती, पण ते चारही संघ त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात हरले. अव्वल मानांकित ओरेगन २५ दिवस सामना न खेळता १ जानेवारीला उतरलं आणि ओहायो स्टेटने तो सामना ४१-२१ जिंकला. लांब विश्रांती नेहमी फायद्याचीच असते असं नाही.

प्रश्न : मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर फक्त १० गुण? नेमकं बिघडलं कुठे? (सातारा)

उत्तर : चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक सगळ्यांना दिसतो, त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच जणांच्या फळीकडे कुणी बघत नाही. घोटाळा तिथेच होता. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू, म्हणजे डावा टॅकल, सांभाळतो. तो, जॉश सिमन्स, ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. पुढे डाव्या गार्डच्या, म्हणजे टॅकलच्या शेजारच्या, जागेवरच्या डॉनोव्हन जॅक्सनला टॅकलच्या जागी सरकवलं. मग नोव्हेंबरात सरावात मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, सेथ मॅक्लॉफ्लिन याचा अकिलिस टेंडन (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. पाचातल्या तीन जागांवर नवा माणूस! फळीचा जोर एकमेकांच्या सवयीवर असतो. शेजारचा कधी, किती सरकेल हे न बघता कळायला हवं, आणि ते दोन आठवड्यांत जमत नाही.

अशा वेळी चेंडू बाहेरच्या बाजूला न्यायचा, लांब फेकायचा. ओहायो स्टेटने मात्र मिशिगनच्या सगळ्यात भक्कम भागात, बचावफळीतल्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्या अंगावर, मधूनच धावायचा हट्ट धरला. त्यात क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन चेंडू मिशिगनने झेलले आणि ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारायचे प्रयत्न) हुकले. ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने फील्ड गोल मारून सामना १३-१० घेतला. ही चूक प्रशिक्षकांचीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासून लांब फेकी केल्या तेव्हा पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-० झालं, आणि शेवटी ४२-१७. माणसं तीच होती, डावपेच बदलले होते.

प्रश्न : ऑक्टोबरमधल्या सामन्यात १२ खेळाडू उतरवून ओरेगनला फायदा कसा झाला? (ठाणे)

उत्तर : १० सेकंद उरले होते आणि ओरेगन ३२-३१ने पुढे होतं. ओरेगनचे बचावाला ११ऐवजी १२ जण उभे. पंचांनी दंड दिला, ओहायो स्टेटला पाच यार्ड मिळाले, पण त्या खेळात गेलेले चार सेकंद परत आले नाहीत. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड चेंडू घेऊन धावला आणि घसरून खाली बसेपर्यंत वेळ संपली. त्या क्षणी चार सेकंदांचं मोल पाच यार्डांपेक्षा कितीतरी जास्त होतं. काही दिवसांतच एनसीएएने (अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची संघटना) खुलासा केला : शेवटच्या दोन मिनिटांत असं घडलं तर आक्रमक संघाला घड्याळ मागे घेण्याची मुभा.

प्रश्न : टेक्सासला एका यार्डावरून गुण घेता आले नाहीत, हे पटत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : उपांत्य सामना, ओहायो स्टेट २१-१४ने पुढे, टेक्सास गोलरेषेपासून एका यार्डावर, चार डाऊन हातात. पहिल्यात काहीच मिळालं नाही. दुसऱ्यात सरळ घुसण्याऐवजी चेंडू मागे, बाजूला टाकला आणि सात यार्ड गेले. सामना तिथेच फिरला. एका यार्डासाठी धाव आणि फेक दोन्हींची भीती दाखवता येते; आठ यार्डांवर फेकणारच हे बचावाला ठाऊक असतं. तिसरी फेक वाया गेली. चौथ्यात ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासच्या क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू पाडला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावला. २८-१४. अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ हरवून ओहायो स्टेटने विजेतेपद घेतलं.

प्रश्न : भारतातून सामने कधी बघायचे? (नाशिक)

उत्तर : कोलंबसचे दुपारी बाराचे सामने आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग साडेदहा. तिकडे संध्याकाळी साडेसातचा सामना तेव्हा आपल्या पहाटे सहाला. सामना साडेतीन तास चालतो, त्यामुळे रात्रीचा बघणार असाल तर एक-दोनपर्यंत जागायची तयारी ठेवा.