कापडच तर वर चढवायचंय!

प्रिय सोनू,

अमेरिकेतल्या तुमच्या मंडळात १५ ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी दोरीची तालीम चालली होती, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, कापडच तर वर चढवायचंय, इतका कीस कशाला पाडता?" जरा लागलं मला. म्हणून लिहितोय. पटलं नाही तर सोडून दे.

आमच्याकडे जळगावला हे काम पीटीच्या सरांचं असायचं, आदल्या संध्याकाळी. झेंडा आडवा पसरायचा, उभ्या बाजूने दोनदा दुमडून लांब पट्टी करायची आणि मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडे घड्या घालत यायचं. शेवटच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या, त्याही कोरड्या; ओल्या असल्या तर खादीला चिकटतात आणि डाग पडतो. मग खालच्या दोरीचे दोन वेढे घेऊन सरकगाठ. खरी गोम इथेच. गाठ सैल राहिली तर पुडकं अर्ध्यातच सुटतं. उलट, दोरीचं टोक आत खोचलं तर ओढाल तितकी ती आवळत जाते आणि पाहुणे दोरी धरून वर बघत राहतात. ऑगस्टच्या पावसात सुती दोरी फुगून कप्पीत अडकते, म्हणून सकाळी एकदा रिकामी दोरी फिरवून बघायची. लाकडी गुल्ली केशरी बाजूला असते, ती वरच्या फासात. घाईत फास बदलले की हिरवा वर. १५ ऑगस्टला पुडकं खालून वर नेऊन उलगडतात. २६ जानेवारीला ते आधीच टोकाला बांधलेलं असतं.

पुढची लांबलचक भाषणं आणि उन्हात चक्कर येऊन पडणारी पोरं, याची बाजू मी घेणार नाही.

पण कापडाचं म्हणशील, तर नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत होता आणि पोलिसांच्या गोळीने गेला. वय पंधरा. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हेही त्याच दिवशी गेले. तेव्हा झेंड्यावर चरखा होता; अशोकचक्राचा झेंडा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला.

तारखेचंही तू विचारलं होतंस, स्वातंत्र्याचा एकच दिवस कसा ठरवायचा म्हणून. तुमच्या अमेरिकेने फुटून निघायचा ठराव २ जुलै १७७६ ला केला, जाहीरनामा ४ ला मंजूर झाला आणि इंग्लंडने ते मानलं १७८३ मध्ये. आपल्याकडे तर पाचोऱ्याला स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलं आणि शेजारचं सोयगाव निजामाकडेच राहिलं, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिकडे आजही दोन्ही दिवशी झेंडा चढतो.

तू यायलाच हवं असं नाही. आलीस तर दोरीचं तेवढं बघ. नायलॉनची नको, सरकगाठ आपोआप सुटते. वीस फुटी काठीला पंचेचाळीस फूट सुती दोरी घे. अमेरिकेचा झेंडाही लावणार असतील तर त्याला वेगळी काठी, तेवढ्याच उंचीची. एका काठीवर दोन देशांचे झेंडे लावत नाहीत. चढवताना भरभर, उतरवताना सावकाश. उतरवल्यावर केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही टोकं आत घ्यायची, म्हणजे वर चक्र दिसत राहतं.

तुझा,
बाबा